दोन हात, एक गुलाब आणि माकड

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
सोमवार, ११ जून २०१८

प्रिय आबेदा,

तुझे रोजे चालू आहेत. अशा दिवसांत रागाचं पत्र लिहू नये हे मला कळतं, म्हणून दोन दिवस थांबले. राग काही गेला नाही. तेव्हा आता लिहूनच टाकते. कागद उज्वलाच्या दहावीच्या वहीतले कोरे राहिलेले आहेत. रेघा आखलेल्या आहेत, म्हणजे राग तरी सरळ रेषेत येईल.

उज्वलाला एक्क्याण्णव टक्के पडले. निकाल लागला त्या दिवशी मी तुमच्या दुकानाच्या नंबरवर मेसेज टाकला. तुझा निराळा नंबर असता तर त्यावर टाकला असता. मी लिहिलं, की ह्यांनी लातूरच्या क्लासमध्ये पोरीचं नाव घातलंय, दोन वर्षं काढायची आहेत, डॉक्टरीची परीक्षा द्यायची आहे. हॉस्टेल बघून आलो तर बारा पोरींत एक नळ आणि भिंतीला खिडकी नाही. तुमच्या गादीच्या दुकानावरची माडी रिकामी आहे. तिथं ठेवशील का? शिधा मी एसटीने पाठवीन. एवढा लांब मेसेज टाइप करताना माझं बोट दुखलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. पहिल्या चित्रात दोन हात जोडलेले. दुसऱ्यात गुलाबाचं फूल. तिसऱ्यात एक माकड, दोन्ही हातांनी डोळे झाकून बसलेलं. शब्द एकही नाही.

मी ते शेजारच्या साखराबाईंना दाखवलं. त्या आमच्या भजनी मंडळाच्या, वयाने मोठ्या. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हात जोडले म्हंजे नमस्कार. फूल म्हंजे अभिनंदन. आन् माकड म्हंजे मारुतीराया. शनिवारचा मेसेज हाय हा, पुढं धाडायचा असतो." त्यांनी तो आठ जणींना पुढं धाडलासुद्धा.

मग पुण्याला हरिओमला फोन लावला. तो म्हणाला, "आई, हे नम्रपणे नाही म्हणणं असतं. आता सगळे असंच म्हणतात." मी म्हटलं, मग फूल कशाला? म्हणाला, लागू नये म्हणून. अन् माकड? म्हणाला, लाज वाटतेय म्हणून.

आबेदा, ही रीत मला ठाऊक आहे. आमच्या मंडळातही तेच होऊन राहिलंय. सोमवारचं भजन कुणाकडे ठेवायचं असं ग्रुपवर विचारलं की ओळीने हात जोडलेले येतात, जसं काही मीच देवी. पूर्वी बाई दारात यायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, "सासूबाईंचे गुडघे धरलेत हो," म्हणायची, चहा घेऊन जायची. नकारच मिळायचा, पण बाई तरी भेटायची.

ती माणसं परकी. तू निलंग्याच्या शाळेत सहा वर्षं माझ्या बाकावर बसलेली. तुला नाही म्हणायचं तर म्हण. माडी तुझी आहे. पण अक्षरात म्हण. फोन करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि ते ऐकून तुला हसू येतं. म्हणून पत्र. तूही पत्रच लिही. मोबाईल मी ज्वारीच्या डब्यात ठेवलाय.

तुझी,
शिवकांता

·

७८६

लातूर,
१८ जून

शिवकांता, दुआ सलाम.

परवा ईद झाली. तुझ्या वाट्याचा शिरखुर्मा सलीमने खाल्ला, वर म्हणतो, नांदेडला पोचेपर्यंत आंबला असता. नागप्पा भाईजींना आमचा सलाम सांग. उज्वलाला दुआ. एक्क्याण्णव टक्के ऐकून सलीमने दुकानातल्या गिऱ्हाइकांना चहा पाजला. ते बिचारे गादी घ्यायला आले होते, त्यांना कळेना कुणाची पोर पास झाली.

उत्तराला उशीर झाला, कारण जून म्हंजे आमची सुगी. आठ जिल्ह्यांची पोरं क्लाससाठी लातुरात उतरून राहिलीत आणि प्रत्येकाला एक गादी लागते. दुकानातून माणूस बाहेर पडतो तो भुतासारखा पांढरा. काल मी पोळीतून कापूस काढला.

आता तुझ्या रागाचं. हाव, तो मेसेज मीच धाडला. मीच म्हटलं नाही. कारणं आहेत. माडी गळते. जिना उभा आहे, पोर पडायची. कापसाने तिला खोकला लागेल. आणि सलीम इतका घोरतो की माडीपर्यंत ऐकू येतं, त्यात अभ्यास कुठला व्हायचा? हे सगळं लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून चित्रं धाडली. माकड चुकून गेलं. बोट सरकलं.

तुला अक्षरात पाहिजे ना? घे. नक्को. आमच्या बोलीत असा गोड शब्द आहे, त्याने कुणाला लागत नाही म्हणतात. तुला लागला तर राग धर. पण माझ्यावर धर, घरातल्या दुसऱ्या कुणावर धरू नको.

तुझीच,
आबेदा

·

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
२३ जून

प्रिय आबेदा,

तुला खोटं बोलता येत नाही. भूगोलाच्या सरांपुढं आलं नव्हतं, आता चाळिशीचा चष्मा लागल्यावर कुठून येणार?

माडी गळते म्हणतेस. गेल्या उन्हाळ्यात माडीवर स्लॅब टाकला, तूच कळवलं होतंस, आणि वर म्हणाली होतीस की आता ढग फुटला तरी थेंब आत यायचा नाही. जिना उभा आहे म्हणतेस. दिवाळीत उज्वला तुझ्याकडे चार दिवस होती. तो जिना ती दिवसातून वीस वेळा चढली आणि एकदाही पडली नाही. सलीमभाईंच्या घोरण्याचं तर मला सांगूच नको. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर निलंग्याच्या शाळेच्या मैदानावर आपली दोन्ही माहेरं एका ताडपत्रीखाली झोपत होती. ज्यांचं गेलं त्यांचं गेलं. आपली घरं उभी होती, पण आत निजायची कुणाची छाती होत नव्हती. त्या दिवसांत जमीन जरा हलली की सगळं मैदान उठून बसायचं, फक्त तुझा नवरा घोरत राहायचा. त्या घोरण्याला मी सरावलेली आहे, माझी पोरही सरावेल.

आणि मुख्य म्हणजे, तू मोबाईल उलटा धरतेस. त्यातून ते माकड शोधून काढायला तुला दिवाळी उजाडली असती.

म्हणजे हे तुझ्या सुनेचं काम. दुकानाचा मोबाईल जेबाच्याच हातात असतो. तिच्या लग्नात मी तिला इरकल नेसवली, निऱ्या माझ्या हाताने घातल्या. दिवाळीत ती आमच्या पोरीशी किती गोड वागली, पोर महिनाभर भाभी भाभी करत होती. आणि दोन वर्षं ठेवायचं म्हटल्यावर ती जड झाली. तू सुनेला पाठीशी घाल. सासूने घालावंच, त्यातच घराची शोभा आहे. पण ह्या पत्राला उत्तर मला तिच्या हातचं पाहिजे.

उज्वलाला सांगितलं, मावशीकडे जमत नाही, आता हॉस्टेलच बघतो. पोर नुसतं "बरं" म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं, पण हूं नाही की चूं नाही. अशी गुणाची पोर कुणाला जड व्हावी, ह्याचं मला वाईट वाटलं. क्लास दहा जुलैला सुरू होतो. हे एक जुलैला, रविवारी, पुन्हा हॉस्टेलं बघायला लातूरला येतील. तुमच्याकडे उतरणार नाहीत, मीच तसं सांगितलंय.

शिवकांता

·

लातूर,
२८ जून

आदरणीय शिवकांता खाला,
सलाम.

तुमचं पत्र अम्मींनी मला दाखवलं नाही. उशीखाली ठेवलं होतं. चादर बदलताना सापडलं आणि मी वाचलं, ह्याची आधी माफी मागते.

मेसेज मी पाठवला. अम्मींना त्यातलं काही माहीत नव्हतं. तुमचं पहिलं पत्र आल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, काही विचारलं नाही, आणि माझं नाव झाकायला सगळं स्वतःवर घेतलं. तुमचं दुसरं पत्र आल्यापासून त्या नीट जेवत नाहीत. अब्बा विचारतात तर म्हणतात, दाढ दुखते. म्हणून मी आता एक शब्द मोडतेय. तो शब्द मी उज्वलाला दिला होता.

निकालाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. एकदम हळू आवाजात. म्हणाली, "भाभी, आई आज तुमच्याकडे राहायचं विचारणार आहे. तुम्ही नको म्हणा."

मी म्हटलं, "का गं, भांडलीस का माझ्याशी?"

म्हणाली, "न्हाई भाभी. मला लातूरला यायचंच न्हाई. मला डॉक्टर व्हायचं न्हाई. तुम्ही नको म्हटलं की आई हॉस्टेलला धाडायला घाबरेल, मग मी इथंच कॉमर्सला जाईन."

"मग हे आईला सांग ना. मला कशाला मध्ये घेतेस?"

म्हणाली, "आमच्या घरात नाही म्हणत नसतात."

मला वाटलं, तुम्ही रागावता म्हणून. ती म्हणाली, तसं नाही. म्हणाली, डब्यातली साखर संपली तरी आई साखर वाढली म्हणते. बाहेर जाताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. घरात नाही म्हटलं की वास्तू तथास्तु म्हणते आणि मग खरंच काही राहत नाही, असं आईनं शिकवलंय. "भाभी, मी आईला नाही म्हटलं आणि तिलाच काही झालं तर?"

खाला, मी हसणार होते. पण ती हसत नव्हती. म्हणाली, "मी चित्रं धाडते. चित्राला वास्तू काही म्हणत नसेल. तुम्ही पण चित्रच धाडा." माकड तिनंच सांगितलं.

मी शब्द लिहू शकले असते. पण तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला नको लिहायला बोट धजेना. दुकानात घाईची ऑर्डर जमणार नसली की आम्ही हात जोडलेले पाठवतो. फूल माझ्याकडून. ते खरं होतं.

आणखी एक लिहू का? लहान तोंडी मोठा घास होईल. गेली पाच वर्षं मी काउंटरवर बसते. क्लासला आलेली पोरं आईबापाबरोबर गादी घ्यायला येतात. ज्याला यायचं असतं ते पोर गादीवर बसून बघतं, आडवं होतं, ही कडक आहे, ती दाखवा म्हणतं. ज्याला यायचं नसतं ते दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभं राहतं आणि म्हणतं, कुठलीबी चालेल. दिवाळीत मी उज्वलाला गमतीनं म्हटलं, तू क्लासला येशील तेव्हा कुठली घेशील? ती म्हणाली, "कुठलीबी." आणि लगेच माझ्या हातातली बिलं घेऊन तारखेवार लावायला बसली. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

माझ्यावर रागवा. अम्मींवर नको. उज्वलावर तर नकोच.

तुमची,
जेबा

(ह्याच कागदाच्या मागे)

शिवकांता, पाठकोरं वाया घालवायचं नाही ही तुझी शिकवण, म्हणून इथंच लिहिते. जेबाने मला आत्ता सगळं वाचून दाखवलं. माझी दाढ थांबली, पण आता तुझी सुरू होईल, मला माहीत आहे.

पोरीला झापायच्या आधी एक आठव. मैदानावर ताडपत्रीखाली तू माझ्याशी तीन दिवस बोलत होतीस. म्हणालीस, भाकऱ्या थापायचा मला लई कंटाळा येतो. म्हणालीस, सासूच्या पायांचा आवाज आला की मी मोरीत जाऊन उभी राहते. नांदेडला परत जावंसं वाटत नाही, असंसुद्धा म्हणालीस. मी सलीमला म्हटलं, ही मुकी बाई एकाएकी बोलायला कशी लागली? नंतर तू घरात गेलीस आणि पुन्हा गप्प. परत कधी त्यातलं अक्षर काढलं नाहीस. मला पंचवीस वर्षं वाटत होतं, घाबरल्यामुळे बोललीस. आज जेबाने वाचलं तेव्हा कळलं. तेव्हा आपल्या डोक्यावर छत नव्हतं.

आबेदा

·

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
५ जुलै

प्रिय आबेदा आणि जेबा,

दोघींना एकच पत्र, तेवढंच एक पाकीट वाचलं.

तुमचं पत्र वाचून मला आधी सगळ्यांचाच राग आला. आबेदाचा, जेबाचा, पोरीचा, त्या माकडाचा. मग मी ज्वारीच्या डब्यातून मोबाईल काढला, फुंकरून पुसला, आणि वर्षभरात उज्वलाने मला धाडलेली उत्तरं बघितली. मी लिहिलंय, सोमवारचा उपास धरशील ना? खाली जोडलेले हात. मी लिहिलंय, शाळेतून येईपर्यंत दोडका करून ठेवते. खाली गुलाब. निकालाच्या आदल्या दिवशी मी तिला "माझी डॉक्टरीण" असं लिहिलं होतं. त्याखाली एक हसरं तोंड, कपाळावर घामाचा थेंब. मला वाटलं होतं, पोर लाडात आलीय. साखराबाईंना दाखवून मी कौतुकसुद्धा करून घेतलं होतं.

रविवारी ह्यांना लातूरला जाऊ दिलं नाही. डोकं दुखतंय म्हटलं, ते खरंच दुखत होतं.

मंगळवारी दुपारी उज्वला भांडी लावत होती. मी विचारलं, "लातूरला जायचंय का तुला? खरं सांग." तिनं माझ्याकडे न बघता वर स्लॅबकडे बघितलं. मग म्हणाली, "बघू."

मी म्हटलं, "पायात चपला घाल. चल बाहेर."

उंबरा ओलांडून ओट्यावर आलो. मी म्हटलं, आता म्हण. ती म्हणाली, "आई, ओटा वास्तूतच धरतात ना?" वास्तुशांतीच्या वेळी स्वामींनी पाणी ओट्यापर्यंत शिंपडलं होतं. मग फाटकाबाहेर गेलो, तर तिथं साखराबाई मेथी निवडत बसलेल्या. त्यांच्या दारापुढं त्यांची वास्तू. दुसऱ्याच्या घराला आपलं नाही कशाला लावायचं? "मायलेकी कुनीकडं निघाल्या?" त्या म्हणाल्या. "येतो जरा," म्हटलं. असं प्रत्येक घर टाळत गल्लीच्या टोकाला आलो. तिथं एक मोकळा प्लॉट आहे. मालक हैदराबादेत असतो, अजून पायासुद्धा खणलेला नाही. कुणाच्या तरी तीन शेळ्या बांधलेल्या होत्या.

मी म्हटलं, "इथं तथास्तु म्हणायला ह्या तिघीच आहेत. बोल."

तिनं आधी दोडका काढला. म्हणाली, दोडका आवडत नाही, लहानपणापासून आवडत नाही. मग सोमवारचा उपास. मग केसाला चपचपीत तेल. मग हरिओमचे जुने स्वेटर. मग म्हणाली, "तू पाहुण्यांपुढं मला पाढे म्हणायला लावतेस, ते न्हाई आवडत." मी म्हटलं, ते तर तू सहावीत असताना बंद केलं. म्हणाली, "तेव्हाचंच राहिलंय." एकेक असं बाहेर येऊन राहिलं होतं, मी बघतच राहिले. आणि मग सगळ्यांत शेवटी, शेळ्यांकडे बघत, "मला लातूरला जायचं न्हाई आई. मला डॉक्टर व्हायचं न्हाई."

खरं सांगू? दोडक्याचं मला जास्त लागलं. डॉक्टरीचं तुमच्या पत्रातून कळलं होतं. दोडका मी सोळा वर्षं प्रेमाने करत होते.

ती म्हणाली, "रागावलीस?" मी म्हटलं, "हाव. लई." घरात असते तर म्हटलं असतं, छे गं, राग कसला. मग तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "तुला काही होणार न्हाई ना?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांचं तीस वर्षं ऐकून मला काही झालं नाही. तुझ्याने काय होतंय?"

वास्तू तथास्तु म्हणते, हे मी अजूनही मानते. स्वामींनाही विचारीन. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पोरीच्या प्रत्येक "बरं"लाही ती तथास्तुच म्हणत होती.

आता ह्यांचं. संध्याकाळी हे कामावरून आले, चपला काढायला वाकले. मी म्हटलं, काढू नका, जरा बाहेर चला. ते घाबरले. कुणी गेलं का, म्हणाले. प्लॉटवर जाईपर्यंत त्यांनी चार नावं घेतली, सगळी सत्तरीच्या पुढची. तिथं गेल्यावर उज्वला बोलली. ह्या वेळी दोडक्यापासून नाही, थेट बोलली.

ह्यांनी चपलेने माती उकरली. मग म्हणाले, "ऑफिसात पेढे वाटून बसलोय मी. पोरगी डॉक्टरीण होनार म्हणून."

उज्वला म्हणाली, "बाबा, पेढे एक्क्याण्णव टक्क्यांचे होते. ते तर पडलेत."

"आणि कॉमर्सला जाऊन काय होणार हाईस?"

"आईसारखी. मंडळाचा न् मंदिराचा हिशोब आई ठेवतेच की. मी तेच करीन. फक्त पगार घेऊन."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शेळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघून कुणाला असं काही व्हावंसं वाटेल, हे माझ्या कधी स्वप्नात आलं नव्हतं. डोळे भरून आले. ते वाऱ्याने, असं मी म्हटलं, आणि वारा नव्हता.

हे आमच्यापासून दूर जाऊन उभे राहिले, पाठ करून. मला वाटलं, आता काही खरं नाही. परत आले आणि म्हणाले, "क्लासवाल्याला उद्या मी फोन लावतो. मीच नाव घातलं, मीच काढतो." मग जरा घुटमळले. "आता बाहेर आलोच हाय तर माझंबी एक ऐका. सोमवारी भजनात टाळ धरून बसायचं मला होत न्हाई. पायाला मुंग्या येतात. धा वर्षं झाली." उज्वला इतकी हसली की शेळ्या दाव्याला हिसके द्यायला लागल्या. टाळ कुणाला द्यायचे ते मी बघते. ह्यांचा ठेका तसाही चुकत होता, पण ते मी प्लॉटवरसुद्धा बोलले नाही.

तर सलीमभाईंना सांगा, गादी नको. माडीही नको. उज्वलाचा इथल्या कॉलेजात अकरावी कॉमर्सचा फॉर्म काल भरला. जेबा, तुझ्यावर मी जे लिहिलं ते पुसायला मला खोडरबर मिळत नाही, पण दिवाळीत ये, आणि पोरीला बिलं लावू दे. आबेदा, तू मात्र माझ्याशी पुन्हा खोटं बोल. सुनेसाठी बोललीस ते वाचून मला तुझा अभिमान वाटला. फक्त जरा बरं बोलायला शीक.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी दिवा लावला, पानं घेतली. भाजी दोडक्याचीच होती. सकाळीच केलेली, टाकून थोडीच देणार? ह्यांना वाढली. उज्वलाच्या पानाशी आले आणि पळी पुढं केली. घरात होती, त्यामुळे ती काही बोलली नाही. तिनं पानावर आपला हात आडवा धरला.

असा आडवा हात मी जन्मभर बघत आलेय. माझ्या आईने मला शिकवलं होतं, हात आला की बोटांच्या फटीतून वाढायचं, मनगटावर सांडलं तरी वाढायचं, त्याला आग्रह म्हणतात. मी तसंच वाढत आले, पाहुण्यांना, पोरांना, सगळ्यांना. परवा माझी पळी तिच्या बोटांवर नुसती धरलेली राहिली. रस्सा काठाशी आला होता.

मग मी ती पळी पातेल्यात परत नेली, आणि तिच्या पानात लोणचं वाढलं.

तुमच्या घरची दाढ बरी असो, कापूस बाहेरच राहो.

तुमची,
शिवकांता